तास तिकडचा, तास इकडचा

जर्मनीतल्या पहिल्या तोंडी परीक्षेला मी अगदी निर्धास्त गेले होते. मी भिलाईची. सेक्टर 10 मधल्या क्वार्टरमध्ये वाढले, बाबा स्टील प्लांटमध्ये रोलिंग मिलला. दुर्गच्या बाजूच्या एका खाजगी कॉलेजात धातुशास्त्र शिकले आणि तोंडी परीक्षेत कधी अडखळले नाही. आमच्याकडे वायवा म्हणजे परीक्षकांनी "डिफाइन करो" म्हणायचं आणि आपण श्वास न घेता व्याख्या म्हणायची. त्यात माझा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं.

जर्मनीत प्राध्यापकांनी टेबलावर लोखंडी शाफ्टचा एक तुटका तुकडा ठेवला आणि म्हणाले, "याच्याबद्दल सांग."

मी धातू थकण्याची व्याख्या सुरू केली. पुन्हा पुन्हा भार पडतो, बारीक तडा जातो, तो वाढत जातो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हे पुस्तकात आहे, आणि पुस्तक मी वाचलंय. तुला यात काय दिसतं?"

मी तडा वाढण्याचं सूत्र सांगितलं. पुन्हा तेच, तुला काय दिसतं? मी प्रकार सांगितले, कारणं सांगितली, उपाय सांगितले. शेजारी बसलेला त्यांचा सहायक मान खाली घालून लिहीत होता. मग मला बाहेर थांबायला सांगितलं, परत आत बोलावलं आणि नापास म्हणून सांगितलं. आवाज चढलेला नाही, चेहऱ्यावर राग नाही. "तू तो तुकडा हातातसुद्धा घेतला नाहीस," एवढंच ते म्हणाले आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

ट्राममध्ये बसल्यावर मला रडू फुटलं. दुःखाचं नव्हे, संतापाचं. तुकडा हातात घ्यायचा असतो हे मला कोणी सांगितलं होतं का? सहा महिने हा माणूस पडद्यावर एकेक फोटो लावून "हे असं का झालं असेल?" विचारत होता. मुलं काहीबाही उत्तरं द्यायची. एकाने तर "तुमचं म्हणणं चूक वाटतं" असं तोंडावर सांगितलं, आणि हे "असेल, असेल" म्हणून पुढे गेले. तासाच्या शेवटी बरोबर उत्तर काय, ते कधीच सांगितलं नाही. मी पेन हातात धरून बसायची आणि लिहायला काही मिळायचं नाही. बाकीची मुलं त्यांना नुसत्या नावाने हाक मारायची. मला ते जमेना आणि 'सर' म्हटलं की सगळे हसायचे, म्हणून मी हाकच मारत नसे. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहायची, त्यांचं लक्ष जाईपर्यंत. परीक्षेआधी एकदा तशीच उभी राहिले आणि विचारलं, परीक्षेला काय येईल? ते म्हणाले, "तुला जे कळलंय ते." मला वाटलं, माणूस थट्टा करतोय.

त्या संध्याकाळी घरी फोन केला.

"नापास? तू?" आईचा विश्वासच बसेना. "त्यायनं शिकवलं काय होतं मंग?"

"काहीच नाही शिकवलं. नुसते प्रश्न विचारते तो."

"तर मंग पगार कायचा घेते?"

मागून बाबांचा आवाज आला, "तिले म्हणा, वापस ये." आईने त्यांना गप्प केलं.

त्या दिवसांत मला आमचे भिलाईचे सर फार आठवायचे. तासाला आले की खुर्चीवर बसून मजकूर सांगायचे, "लिखो" म्हटलं की वर्गभर पेनांचा आवाज. दुसऱ्या वर्षाला मी एकदा मध्येच हात वर केला होता. "सर, कार्बन बढ़ाने से लोहा कड़क क्यों होता है?" सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "पहले लिखो. क्यों बाद में." ते 'बाद में' कधी आलं नाही आणि मीही पुन्हा हात वर केला नाही. पण त्याच वर्षी परीक्षेच्या तोंडावर मला कावीळ झाली, तेव्हा हेच सर स्कूटरवरून आमच्या क्वार्टरला आले. व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांनी मला दोन प्रकरणं समजावली, आईला उसाचा रस द्यायला सांगितलं, आणि दोन दिवसांनी परत आले. जर्मनीत मी आठवडाभर तापाने पडले होते, तेव्हा प्राध्यापकांचा दोन ओळींचा मेल आला. वैद्यकीय प्रमाणपत्र परीक्षा विभागाला पाठव, लवकर बरी हो. त्यात वाईट काही नव्हतं. पण तो मेल वाचून मी खोलीच्या भिंतीकडे तोंड करून पडले, ती बराच वेळ.

दुसऱ्यांदा परीक्षेला गेले तेव्हा टेबलावर वेगळा तुकडा होता. मी आधी तो उचलला, खिडकीशी नेला. एका कोपऱ्यातून बारीक रेघा पसरत गेल्या होत्या, आणि दुसऱ्या टोकाला खडबडीत, एकदम तुटल्यासारखा भाग होता. "इथून सुरू झालं," मी म्हणाले, "आणि बराच काळ कोणाच्या लक्षात आलं नाही. मग उरलेलं एका फटक्यात गेलं." ते पहिल्यांदा हसले. "का इथूनच?" मी म्हणाले, मला माहीत नाही, पण या कोपऱ्याला गोलाई नाहीये, म्हणून असेल. अर्धा तास आम्ही त्या कोपऱ्यावर बोललो. चांगल्या गुणांनी पास झाले. तरी चीड गेली नाही. हेच पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर त्यांचं काय गेलं असतं?

शिक्षण संपलं, पण तिकडे नोकरी काही लागली नाही आणि व्हिसाची मुदत संपली. भिलाईला परतले. इथल्या एका खाजगी कॉलेजात शिकवायला लागले, आणि पहिल्याच तासाला मी वर्गाला विचारलं, "तार वाकवली तर लगेच तुटत नाही, खडू वाकवला की तुटतो. असं का?"

मी थांबले. तिकडे शिकले होते की थांबायचं, उत्तर येतं. इथे आलं नाही. मुलं माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली, चेहऱ्यावर उत्तर कुठे लिहिलंय का ते शोधत असल्यासारखी. शेवटी पहिल्या बाकावरचा मुलगा अदबीने म्हणाला, "मैडम, आप नोट्स दे दीजिए ना."

मी दिल्या नाहीत. रोज प्रश्न विचारत राहिले. महिनाभरात मुलं विभागप्रमुखांकडे गेली, मॅडम काही शिकवत नाहीत म्हणून. विभागप्रमुखांनी मला बोलावून चहा पाजला. "मैडम, ये जर्मनी नहीं है. सिलेबस पूरा कीजिए." त्या दिवशी घरी आले ती धुमसतच. बाबा आता रिटायर झाले होते, अंगणात मिरच्यांना पाणी घालत होते.

"कावून तणतणून राहिली?"

"पोरं म्हणतात, मी शिकवत नाही."

"तर मंग शिकव ना," बाबा म्हणाले.

मी दार आपटून आत गेले.

वर्गात एक मुलगी मात्र उत्तरं द्यायला लागली होती. दुर्गच्या पलीकडच्या एका खेड्यातून रोज बसने यायची. सुरुवातीला तिच्या छत्तीसगढी वळणाच्या हिंदीला मुलं हसायची, म्हणून तास संपल्यावर टेबलाशी येऊन हळूच सांगायची. मग वर्गात सांगू लागली. एकदा तिने खडू आणि विजेची तार घेऊन, दोन्ही सगळ्यांसमोर वाकवून, तार का टिकते हे असं समजावलं की मागच्या बाकावरची मुलंही उठून बघायला लागली. शब्द पुस्तकातले नव्हते, पण मुद्दा पक्का होता. त्या आठवड्यात मी आनंदात होते.

मग वायवा आला. बाहेरून परीक्षक आले होते, वयस्कर, घाईत. मी आतली परीक्षक म्हणून शेजारी बसले. तिचा नंबर आला. त्यांनी विचारलं, "डक्टिलिटी डिफाइन करो." न तुटता वाकण्या-ताणण्याचा धातूचा गुण, म्हणजे आमच्या तारेचाच प्रश्न.

ती म्हणाली, "सर, जैसे तार है और चॉक है..."

"डेफिनिशन बोलो."

"सर, वही समझा रही हूँ."

"समझाओ मत. डेफिनिशन बोलो."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "सर, उसे आता है. पूरा सुन लीजिए."

"मैडम, किताब में ऐसा लिखा है क्या?" त्यांनी कागदावर आकडा मांडला. मी वाकून पाहिलं, जेमतेम पास होण्याइतका. मी वाद घातला. ते चिडले, विभागप्रमुख धावत आले, त्यांनी माझ्या वतीने माफी मागितली, आणि आकडा तसाच राहिला.

ती बाहेर पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. मी तिला सांगितलं की तुझं उत्तर बरोबर होतं. अगदी बरोबर.

"मैडम, आपको पता था ना, बाहर वाले सर क्या पूछेंगे?"

"पता था."

"तो फिर बताया क्यों नहीं?"

तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं, की मी का सांगितलं नाही. मी तिला सांगू पाहिलं की व्याख्या कोणीही पाठ करतं, तुझं ते तुझं आहे. बोलता बोलता माझे मलाच ते शब्द पोकळ वाटायला लागले. तिची बस आली आणि ती गेली.

पुढच्या सत्रापासून मी नोट्स द्यायला लागले. तासाच्या पहिल्या भागात "लिखो", आणि उरलेल्या वेळात प्रश्न. पहिल्या भागात वर्ग भरलेला असतो. दुसऱ्या भागात मुलं वह्या मिटतात, मोबाइल बघतात, घड्याळ बघतात. विभागप्रमुख खूश आहेत. तक्रार आली नाही.

ती मुलगी आता पहिल्या बाकावर बसते. एकही शब्द न गाळता लिहून घेते. प्रश्न विचारला की खाली बघते. या वर्षीच्या वायवाला दुसरे परीक्षक होते, तिला सगळ्यांत जास्त गुण पडले. निकाल लागल्यावर धावत स्टाफरूममध्ये आली.

"मैडम, एक भी शब्द नहीं छूटा!"

चेहरा इतका उजळला होता. मी शाबास म्हटलं, पाठ थोपटली. ती मैत्रिणींकडे पळाली. मी हजेरीपट उचलला आणि पुढच्या तासाला निघाले. जिना चढताना चिडलेच होते, फक्त कोणावर ते ठरवता येत नव्हतं.