पश्चिमेच्या खिडक्या

१९४९चा एप्रिल. उज्जैनच्या एका लहानशा सूतगिरणीत माणिकराव दाभाडे जॉबर होते. सूत काढणारे साचे आणि त्यांवरची माणसं त्यांच्या हाताखाली. त्या महिन्यात धागे पटापट तुटायला लागले. मॅनेजर म्हणाले, फाळणीनंतर सिंधचा कापूस थांबला, हा नवा कापूसच वाईट. मिस्त्रीला नव्या तेलाचा संशय. पण आळ आला श्रीनाथ या कामगारावर, कारण पश्चिमेच्या टोकाचा त्याचा साचा सगळ्यांत जास्त धागे तोडत होता. त्याला काढायचंच ठरलं होतं. माणिकरावांनी आठ दिवस मागून घेतले.

माधव नगरच्या घरी जेवताना त्यांनी हे सांगितलं. त्यांची मुलगी अलका इंटर सायन्सला होती. ती म्हणाली, "बाबा, सगळं एकदम बदलत बसलात तर कशानं फरक पडला ते कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि तुलनेला एक साचा ठेवा, त्याला हातसुद्धा लावू नका."

"बस, एवढंच?"

"करून बघा. राहवत नाही माणसाला."

मधला साचा त्यांनी तसाच सोडला. तिथं तासाला दहा-बारा धागे तुटत. श्रीनाथच्या साच्यावर चाळीस. कापूस तर दोन्हीकडे एकाच गासडीतला. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त माणूस बदलला. श्रीनाथच्या जागी मधल्या पाळीतला दिलीप. तरी चाळीसच! श्रीनाथला परत जागेवर आणून जुनं तेल घातलं. एकोणचाळीस.

तिसऱ्या दुपारी ते साच्यापाशी विचार करत उभे होते आणि मानेवर लू, उन्हाळ्याचा तो कोरडा गरम वारा, लागली. कामगारांना हवा मिळावी म्हणून पश्चिमेच्या भिंतीत यंदाच खिडक्या पाडल्या होत्या. तेल पुन्हा नवं घातलं आणि खिडक्या तेवढ्या बंद केल्या.

तासाभरात अकरा.

"संयोग है," मिस्त्री म्हणाला.

माणिकरावांनी खिडक्या उघडल्या. अडतीस. बंद केल्या. बारा. मधला साचा सगळा वेळ आपला दहा-बारावर. कोरडी हवा धाग्यातला ओलावा शोषून घेत होती, आणि ते डोळ्यांना दिसत नव्हतं. आता माणिकराव, मिस्त्री, श्रीनाथ आणि दिलीप चौघंही तुटलेले धागे मोजत होते. मॅनेजरही आले. "फिर से खोलो," ते हळूच म्हणाले. उघडल्या. पुन्हा चाळीस. मॅनेजरांनी टोपी काढून हातात धरली. श्रीनाथला रडू फुटलं.

खिडक्या बंद ठेवल्या तर माणसं गुदमरणार होती. म्हणून खसच्या टट्ट्या, म्हणजे वाळ्याचे पडदे, लावून त्यांवर पाणी शिंपडायला सुरुवात केली. त्यानं भागेल का, हेही माणिकरावांनी आधी एकाच खिडकीवर पाहून घेतलं.

त्या संध्याकाळी ते अलकाला म्हणाले, "बावीस वर्षं सुतात काढली गं मी. आज पहिल्यांदा काही विचारलं, आणि उत्तर आलं."

पुढे मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला, गिरणीत नवे साचे आले. ते बसवताना माणिकराव एक जुना साचा बाजूला ठेवायला लावत आणि त्याच्यावर खडूनं लिहीत: हात लावू नये.