आखाजीच्या शिव्या

आमचे आबा, म्हणजे वडील, माळकरी. घरात कुणाच्या तोंडून साधं 'मायला' निघालं तरी पोथीवरून मान न उचलता म्हणायचे, "चूळ भरी ये." मी तेव्हा जळगावला कॉलेजात होते. सुटीत घरी आले की दिवसातून दोनदा तरी माझी चूळ ठरलेली. तोंड माझं सुटंच होतं, आजही आहे.

पण आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी आबांचंही काही चालायचं नाही. धरणगावाकडच्या आमच्या गावातल्या बायका त्या दिवशी गौराई बोळवायला नदीवर जात. पलीकडच्या काठावर शेजारगावच्या बायका आपली गौराई घेऊन येत आणि बार सुरू होई, म्हणजे या काठावरून त्या काठावर नुसत्या शिव्या. वर्षभर सासरी मान खाली घालून राहणाऱ्या लेकी पदर खोचून उभ्या राहत. माणसांना सोडत नसतच, देवीलाही नाही.

"तुमनी गौराई नकटी!"

"तुमनी तं चोरी आनेल शे!"

कुणी रागावत नसे. हे ऐकल्याशिवाय देवीला म्हणे जावंसंच वाटत नाही. मला ही देवी मनापासून आवडायची. बाकीच्या देवांसमोर फार जपून बोलावं लागतं.

आमच्या काठाची तोफ म्हणजे माझी मोठी बहीण, अक्का. ती उभी राहिली की पलीकडच्या निम्म्या बायका हसूनच गारद. लग्न होऊन ती धुळ्याला गेली आणि दोन आखाज्या सासरच्यांनी पाठवलंच नाही. तिसऱ्या वर्षी आली. "बठ्ठं बरं शे," सगळं ठीक आहे, एवढंच मायजवळ बोलली.

नदीवर ती टोपली धरून नुसती उभी. पलीकडून आरोळी आली, "तुमनी तोफले गंज चढना का?" सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती गप्प. मला तिचा रागच आला, आमचं गाव हरत होतं ना! मी पुढे होऊन दोन-चार हाणल्या, पण माझ्यात तिची गंमत कुठली!

पुरुष त्या दिवशी वर, बाभळीखालीच थांबत. आबा मात्र खाली उतरले, थेट बायकांच्या गर्दीत. अक्काजवळ जाऊन हळूच म्हणाले, "दे ना वं बेटा. एक तरी दे."

अक्का वाळूत बसली आणि रडायला लागली. पलीकडच्या बायका आपोआप थांबल्या. मला माझीच फार लाज वाटली.

चार दिवसांनी जावई तिला न्यायला आले. मायने चहा दिला. आबा म्हणाले, "ती येवाव नही."

जावई उसळले. "काय काय सांगितलं तिने तुम्हाला?"

"काहीच नही," आबा म्हणाले. "नदीवर तिना तोंडातून एक शिवीबी निंघनी नही."