अक्कांची मत्स्यघुबडं

घुबड दिसलं की लोक रस्ता बदलतात. घुबड दिसलं म्हणून चालत्या स्कूटरच्या मागच्या सीटवर उठून उभी राहणारी बाई अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच आहे, आणि ती माझ्या बायकोची थोरली बहीण आहे. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. शाळेत रसायनशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण तसं फक्त शाळेला वाटतं. सावकाश असं अक्का काहीच करत नाहीत. चहा उभ्याने पितात, एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू करतात, आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला घालून सगळा बाजार करून येतात. कुणी दाखवून दिलं तर म्हणतात, "दोन्ही माझ्याच हायेत ना?"

गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा वर्ज्य. तरी बाजाराच्या दिवशी अक्का नाकाला पदर लावून मासळीवाल्यांच्या ओळीत उभ्या असायच्या आणि प्रत्येकाला विचारायच्या, "ही मरळ कोणत्या तळ्यातली?" एकदा माझी बायको दही समजून त्यांच्या फ्रिजमधला डबा उघडून बसली. आतून माशाने तिच्याकडे पाहिलं. तिची किंकाळी ऐकून अक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "झाकण लाव त्याचं. भाजी न्हाई ती, नमुना हाय."

या वेडाला कारण होतं. जवळा बाजार गावाच्या वाटेवर एक तळं आहे. काठावरच्या जुन्या आंब्याच्या ढोलीत मत्स्यघुबडांची जोडी राहते. पिवळे डोळे, डोक्यावर पिसांचे दोन तुरे, आणि मासे धरायला बिनपिसांचे उघडे पाय. दर हिवाळ्यात मादी अंड्यांवर बसायची, बसून बसून थकायची, आणि पिल्लू काही निघायचं नाही. अक्कांचा संशय तळ्याला मिळणाऱ्या नाल्यावर होता. तिथे जळालेले ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करायचं एक दुकान आहे, आणि उरलेलं तेल नाल्यात जायचं. जुन्या तेलात कधी कधी असं रसायन असतं की ते कुजत नाही आणि पाण्यात विरघळत नाही. गाळातून किड्यांत, किड्यांतून लहान माशात, लहानातून मोठ्या माशात चढत जातं आणि चरबीत साठून राहतं. शेवटी सगळा साठा येतो मासे खाणाऱ्या पक्ष्याच्या वाट्याला. "हळदीचा डाग उन्हात तरी उडतो," अक्का म्हणायच्या, "हा उन्हातबी उडत न्हाई."

एका वर्षी मादीने सोडून दिलेलं अंडं वनरक्षकाने रीतसर परवानगीने उतरवलं. ते तपासणीसाठी जिल्ह्याच्या कचेरीपर्यंत पोचवायला अक्का त्याच्यासोबत एसटीत बसल्या, मांडीवर कापसाने भरलेला डबा. कंडक्टरने विचारलं, "काय हाय मावशी यात?"

"अंडं."

"उकडलेलं?"

"न्हाई, वारलेलं."

कंडक्टर पुढच्या सीटकडे गेला तो परत आला नाही.

बऱ्याच दिवसांनी प्रयोगशाळेतून फोन आला. अंड्यातही तेच रसायन निघालं होतं आणि सोबत पाठवलेल्या, फ्रिजमधल्या त्या तळ्यातल्या मरळीतही. अक्कांनी मला ऑफिसातून उठवून स्कूटर काढायला लावली आणि आम्ही थेट त्या दुकानावर गेलो. दुकानदार दत्ता त्यांचाच विद्यार्थी निघाला. त्याने लगबगीने खुर्ची पुसली, चहा सांगितला. अक्कांनी उभ्यानेच सगळं सांगितलं.

"मॅडम, दोन घुबडांसाठी धंदा बंद करू का?" तो म्हणाला. "तसाबी अशुभ पक्षी."

"धंदा कर की. तेल नाल्यात सोडू नको." मग त्यांनी विचारलं, "रविवारी घरी मासे कुठले आणतो रे?"

"तळ्यातलेच. ताजे भेटतेत." बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला. आतल्या खोलीत त्याची बायको धाकटीला भरवत होती. तिचा हात ताटातच थांबला. "म्हणजे मॅडम, आमच्याबी अंगात...?"

अक्का त्या पुसलेल्या खुर्चीवर बसल्या. "माहीत न्हाई बाबा," त्या म्हणाल्या. "तपासल्याबिगर कोणीच सांगू शकत न्हाई. तोवर तिथले मासे लेकरांना देऊ नको."

त्या दिवसापासून दत्ताच्या दुकानामागे तेल पिंपांत साठू लागलं. पिंपं न्यायला परवाना असलेली गाडी यावी म्हणून अक्कांनी कचेरीत इतके हेलपाटे घातले की तिथला शिपाई त्यांना बघून आपणहून पंखा लावायचा. गाडी आली. पुढचा हिवाळा मात्र तसाच गेला, त्याच्या पुढचाही. ढोलीतून पिल्लाचा आवाज नाही.

यंदा एका संध्याकाळी फोन आला. "पाहुणे, निघा. आत्ता." मी पोचलो तर अक्का काठावर फतकल मारून बसलेल्या, दुर्बीण मांडीवर तशीच. ढोलीच्या कडेला राखी कापसाचा गोळा हलत होता, आणि त्याला दोन डोळे होते.

"एकच हाय," अक्का म्हणाल्या. "अंडी दोन होती."

"तळं साफ झालं म्हणायचं का मग?"

"कुठलं हो. गाळात अजून तसंच हाय. निवळेपर्यंत मी काही राहत न्हाई." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "याला उडताना बघितलं, तरी पुरे."

अंधारून येईपर्यंत आम्ही बसून राहिलो. मादी कुठूनशी आली, तिच्या पायात मासा होता. तो कुठल्या तळ्यातला, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.