मरियमच्या खोलीतला वारा

म्हातारी खोलीच्या मधोमध फरशीवर बसली आणि काही केल्या उठेचना. तिचा मुलगा राशिद मला हिंदीत म्हणाला, "इंजिनिअर, अम्मा पूछती है, हवा किधर गई?"

आता काय सांगणार कप्पाळ! ती हवा मीच बंद केली होती.

नव्वदच्या दशकातली, शारजातली गोष्ट. खाडीकाठच्या जुन्या व्यापाऱ्यांच्या हवेल्या दुरुस्त करून तिथे शहराच्या इतिहासाचं म्युझियम व्हायचं होतं. एसीचं काम आमच्या कंपनीकडे, साइट माझ्याकडे. उद्घाटन तोंडावर आलेलं. त्यातली एक हवेली राशिदच्या आजोबांची. लोकांसाठी उघडण्याआधी घरच्यांनी एकदा पाहून जावं, असं ठरलं होतं. म्हणून तो आईला घेऊन आला होता.

ह्या हवेल्यांच्या डोक्यावर बारजील असतो. म्हणजे वाऱ्याचा मनोरा. चारी बाजूंनी उघडा. वारा कुठूनही येवो, तो पकडायचा आणि खालच्या खोलीत सोडायचा. वीज नव्हती तेव्हा हाच त्यांचा एसी. पण म्युझियममध्ये ठेवणार जुने कपडे, कागद, लाकूडसामान. खाडीची दमट हवा लागली की बुरशी धरलीच. म्हणून ड्रॉइंगप्रमाणे आम्ही मनोऱ्याचं तोंड छताजवळ बोर्ड मारून बंद केलं होतं आणि त्याच बोर्डात एसीची जाळी बसवली होती.

राशिद हळूच म्हणाला, "मेरी बडी बहन मरियम. छोटी थी. इसी कमरे में गई."

उन्हाळ्यात तिला ताप भरला होता. आईने तिला मनोऱ्याखाली निजवलं आणि वर मनोऱ्याच्या तोंडाशी ओला कपडा बांधला. त्यातून वारा गार होऊन यायचा. घरोघरी तसंच करायचे. वारा लागला की पोर शांत व्हायची. गेली तीही तशीच, वाऱ्यात, झोपेत.

म्हातारीच्या नवऱ्याचा व्यापार मुंबईशी, त्यामुळे तिला हिंदी येत होतं. ती मला म्हणाली, "एक बार उस हवा में बैठूँगी, बस. फिर तुम्हारा म्युझियम."

उद्घाटनानंतर तिथे दोरी लागणार होती. मग तिला कोण बसू देणार?

मी आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरकडे गेलो. देवधरसाहेब. माणूस वाईट नाही, पण तोंड तिखट.

"बोर्ड काढायचा? जोशी, डोकं ठिकाणावर आहे ना? बॅलन्सिंग झालंय!"

बॅलन्सिंग म्हणजे प्रत्येक जाळीतून ठरल्याइतकीच हवा येते ना, हे मोजून जुळवणं. महाकटकटीचं काम. एक जाळी हलवली की सगळं पहिल्यापासून.

"सर, मी पुन्हा करून देतो."

"आणि कन्सल्टंटला कळलं तर?"

"तर मला रुवैसला पाठवा."

रुवैस म्हणजे पार पश्चिमेकडचं रिफायनरीचं गाव. बायकापोरं असलेला कोणी आपणहून जायचा नाही. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "शुक्रवारी कर. संध्याकाळच्या आत बोर्ड परत लागला पाहिजे. आणि मला ह्यातलं काहीही माहीत नाही, कळलं?"

शुक्रवार सुट्टीचा. आमचा मालवणचा फिटर सावंत कुरकुर न करता आला. एसी बंद केला, बोर्ड उतरवला. मनोऱ्यातून खोलीत लख्ख उजेड पडला. म्हातारीने घरून पांढरं सुती कापड आणलं होतं. ते बादलीत भिजवून तिने स्वतः पिळलं, सावंतने शिडीवर चढून वर बांधलं. आणि आम्ही बसलो.

कापडातून पाणी ठिबकत होतं. कापड मात्र हलत नव्हतं.

"दोपहर को चलेगी, इन्शाल्ला," राशिद म्हणाला. दुपार झाली. आम्ही घामाने निथळलो. कापड वाळत आलं. शेवटी सावंत गच्चीवर जाऊन आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "साहेब, वारो काय येवचो नाय. समोर ती बिल्डिंग हा."

हवेली आणि पाणी ह्यांच्या मधोमध उंचच्या उंच नवी बिल्डिंग झाली होती. तिच्याही एसीचं काम आमच्याच कंपनीचं. मी तिथे सारखा जायचो. पण ही बिल्डिंग कुणाचा वारा अडवून उभी आहे, हे कुणाच्या डोक्यात येणार?

मी राशिदला सांगितलं. त्याने आईला अरबीत सांगितलं. तिने कापड सोडवून मागितलं, घडी करून मांडीवर ठेवलं आणि त्यावरून हात फिरवत राहिली. निघताना मला म्हणाली, "तुम्हारा कसूर नहीं, बेटा. खलास."

उलट तीच माझी समजूत घालत होती. मी शिडी आवरायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

संध्याकाळी बोर्ड लागला. बॅलन्सिंग पुन्हा केलं. उद्घाटन वेळेवर झालं.

काही वर्षांनी आम्ही शारजातच अल नहदा भागात राहत होतो, तेव्हा बायको आणि लेकीला घेऊन म्युझियम बघायला गेलो. त्या खोलीत दोरी होती आणि भिंतीवर पाटी: ह्या मनोऱ्यातून समुद्राचा गार वारा घरात येत असे. लेक दोरीला टेकून जाळीखाली उभी राहिली. केस उडायला लागले तशी ओरडली, "बाबा, इट्स स्टिल वर्किंग! आय कॅन फील द ब्रीझ!"

"हो गं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आमच्या धंद्यात खोली थंड झाली की काम झालं, सही मिळते. वाऱ्याची गॅरंटी कुणी देत नाही. म्हातारीला तेवढाच पाहिजे होता.