तात्यांचा राजीनामा

तक्रार ऐकताना तात्या डोळे मिटून घेत. नवख्याला वाटे, म्हातारा झोपला. बोलणं संपलं की डोळे न उघडताच विचारत, "लेखी दिलंय का?"

बारामतीत इंदापूर रस्त्याला आमची तीन मजली गृहनिर्माण संस्था होती. मी शाळेत शिक्षक, तिथं भाडेकरू. घरमालक बहुतेक वालचंदनगरला नोकरी करून निवृत्त झालेले. तिथं कंपनीच्या क्वार्टरमध्ये नळ गळला की चिठ्ठी टाकायची आणि निर्धास्त व्हायचं. कंपनीचा माणूस पाना घेऊन हजर. स्वतःच्या मालकीच्या घरात आले तरी ती सवय काही सुटली नाही. चिठ्ठ्या आता तात्यांच्या दाराखालून सरकवल्या जात. तात्या म्हणजे सोपानराव, तिथलेच जुने फिटर. इथे ते संस्थेचे बिनपगारी सेक्रेटरी होते, पण शेजाऱ्यांच्या लेखी तात्या म्हणजेच कंपनी.

"अवो, मालक तुमीच हाय. मी निस्ता सही करनारा," असं ते समजावत. समजावता समजावता चपला मात्र पायात सरकवलेल्या असत. माझा अगदी जीव जळायचा.

त्यांच्या पत्नीचे, शेवंताकाकूंचे, गुडघे गेले होते. तिसऱ्या मजल्यावरून त्या दवाखान्यापुरत्याच खाली उतरत. गावी, सणसरला, दिराच्या घराशेजारी दोन खोल्या बांधून तयार होत्या, दाराला एक पायरीसुद्धा नव्हती. "ह्यांचं सुटलं की निघायचं," काकू सांगत. पुढच्या भेटीत पुन्हा तेच.

सुटत का नव्हतं? पोटनियमच तसा होता. राजीनामा मंजूर झाला पाहिजे आणि पदभार दुसऱ्याच्या हाती गेला पाहिजे. तोवर सुटका नाही. आणि दुसरा मिळेना. कमिटीत यायचं तर स्टॅम्पपेपरवर हमीपत्र द्यावं लागे, की कारभाराला आपण सगळे मिळून आणि एकेकटेही जबाबदार. तात्या ते सभेत मोठ्यानं वाचून दाखवत, एक शब्द न गाळता. तेवढ्यानंच इच्छुक गार पडत.

मी एकदा म्हटलं, "तात्या, जरा हळू वाचा की."

"सर, मानसाला कळल्याबिगर सही करायला लावायची व्हय?"



एका वर्षी वार्षिक सभा गच्चीवर भरली. माणसं पुरेशी जमेनात, म्हणून नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब झाली आणि मग तेवढ्याच डोक्यांत सुरू झाली. तात्या उभे राहिले. "हिला जिना झेपत न्हाय. मला सोडा आता."

"तात्या, तुमच्याबिगर कोन बघनार?" खालच्या मजल्यावरचे आबा म्हणाले. टाळ्या पडल्या. राजीनामा नामंजूर झाला, तोही मोठ्या प्रेमानं. तात्या खाली बसले आणि सभेचं इतिवृत्त लिहायला लागले.

शेवटी त्यांनीच वाट काढली. सेक्रेटरी व्हायचं तर सभासद असावं लागतं आणि सभासद राहायचं तर घर असावं लागतं. तात्यांनी घर विकलं. नव्या मालकाला सभासद करून घेण्याच्या कागदावर सेक्रेटरी म्हणून सही त्यांनीच केली, ती त्यांची शेवटची. "एवढ्यासाठी कुणी घर विकतं होय?" लोक म्हणाले. काही तर चक्क रुसले.

निघायच्या दिवशी काकू कठड्याला धरून, दर पायरीवर थांबत उतरल्या. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी दोघं बसली. तेवढ्यात आबा धावत आले.

"तात्या, टाकीत पानी चढंना. मोटर बगा की जरा."

तात्यांचा एक पाय टेम्पोबाहेर आला.

"बसा," काकू म्हणाल्या.

तात्या बसले. टेम्पो हलला तरी आबा खिडकीला धरून मोटरचं सांगतच होते. मी तिथंच उभा राहिलो. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणी त्या माणसाला 'बसा' एवढंही म्हटलं नव्हतं.