लक्ष्मीचा खिळा

"जवळनं कळत न्हाय. जरा मागं सरा," असे म्हणत अण्णा गिऱ्हाइकाचा दंड धरत आणि त्याला थेट उंबऱ्यापर्यंत मागे नेत. बेळगावातल्या त्यांच्या तसबिरींच्या दुकानात सरस, सागवानाचा भुसा आणि उदबत्ती यांचा एकजीव वास असे.

देवांच्या तसबिरींवर त्यांचे पोट चाले. जीव मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर नव्या धाटणीने रंगवू लागलेल्या आम्हा चार-दोघांत गुंतला होता. आमच्या चित्रांना गावात दुसरी भिंत नव्हती. त्यांना ते काच लावत नसत. "काच लावली की माणूस आपलंच तोंड बघत बसतंय."

एका वर्षी दर्शनी भिंतीवरची लक्ष्मी काढून त्याच खिळ्यावर त्यांनी माझे चित्र टांगले. निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बाया. तोंडे फडक्यांनी बांधलेली, डोळ्यांच्या जागी नुसते तपकिरी पट्टे.

दिवाळीच्या तोंडावर निपाणीचे एक वखारवाले आले. पूजेच्या तसबिरी ते दरसाल इथूनच नेत.

"अण्णा, लक्ष्मी कुठं गेली? आणि ही भुतं कुठली?"

"तुमच्याच वखारीतल्या बाया, शेठ."

"त्यांना रोज बघतोय की. उतरवा, न्हायतर तसबिरी कोल्हापुरास्नं आणतो."

माझा धीर सुटला. "अण्णा, उतरवा. माझ्यापायी गिऱ्हाईक नका तोडू."

"तुमचं काम रंगवायचं, बाई. ते झालं. भिंत माझी हाय." मग शेठकडे वळून ते शांतपणे म्हणाले, "जरा मागं सरा, मग बोला."

शेठ मागे सरले ते थेट रस्त्यावरच उतरले. पुन्हा आले नाहीत.

दोन दिवसांनी बोरगावची एक म्हातारी आली. त्या खिळ्यावर देवच असणार, या सवयीने तिने कनवटीचे कुंकू काढून चित्राला लावले. जाड तेलरंग अजून ओला होता. मी पुढे धावले. अण्णांनी मला हातानेच थोपवले.

"आजी, देवी न्हाय ती. तंबाखूतल्या बाया हाईत."

म्हातारी कुणी न सांगता उंबऱ्यापर्यंत मागे सरली. बराच वेळ बघत राहिली. "व्हय की. डावीकडली माझ्या लेकीवानीच वाकलीया."

कुंकू अण्णांनी पुसू दिले नाही.

आता अण्णा नाहीत. खिळ्यावर त्यांच्या मुलाने पुन्हा लक्ष्मी टांगली आणि माझे चित्र घरी आले. डावीकडच्या बाईच्या कपाळात कुंकू रंगासकट वाळले आहे. काच मी लावलेली नाही. तुम्ही कधी आलात, तर उंबऱ्यावरूनच बघा.