जावयाचा गोल

मॅच शनिवारी दुपारी हरलो आणि रविवारी सकाळी चहाच्या आधीच आमच्या ओट्यावर माणसं जमली. धुळ्यात देवपुरातल्या आमच्या गल्लीत कोणाकडे काहीही झालं तरी पुरुष मंडळी आमच्याच ओट्यावर येऊन टेकतात. ओटा ऐसपैस, वर कडुनिंब, आणि वडील होते तेव्हा फुटबॉलची टीम इथेच उठायची-बसायची. वडील गेले, पण टीमची सवय काही गेली नाही. त्यामुळे कपाची फायनल हरल्यावर त्याचा पंचनामाही माझ्याच दारात करायचा हे कोणाला विचारायचीही गरज वाटली नाही. एरवी मी त्यांच्यात खुर्ची टाकून बसते, भांडते. त्या दिवशी मात्र एकेकाला झाडूने हाकलावंसं वाटत होतं, कारण ज्याच्या नावाने शिमगा चालला होता तो माझा नवरा होता, आणि तो त्याच ओट्याच्या पायरीवर बसला होता.

मी त्याला सकाळीच म्हटलं होतं, "तुम्ही आत बसा, नाहीतर सरळ बाजारात जा."

"आत बसलो तर मी खरंच काहीतरी केलंय असं होईल," तो म्हणाला.

त्याचं हे असं. कोणी अंगावर आलं की हा पळत नाही आणि तोंडही उघडत नाही. मला असल्या माणसांचा भयंकर राग येतो, आणि नेमकं अशाच माणसाशी माझं लग्न झालंय.

तो मूळचा वरणगावचा. तिथल्या फॅक्टरीच्या कॉलनीत वाढला. एका जिन्यात चार प्रांतांची माणसं, त्यामुळे त्याचं मराठी शाळेतलं आणि मैदानावरची भाषा हिंदी-इंग्रजीची मिसळ. नोकरीत बदली होऊन धुळ्याला आला, आमच्या टीमकडून खेळायला लागला, वडिलांच्या नजरेत भरला, आणि पुढचं काय सांगायचं. लग्नानंतर आम्ही इथेच, माझ्या माहेरी राहिलो, आणि गल्लीने त्याचं नावच बदलून टाकलं. लहानथोर सगळे त्याला जावई म्हणतात. मैदानातसुद्धा "जावई, पास दे", "जावई, डाव्या बाजूला जा". दूधवालाही जावईच म्हणतो. त्याला ते मनापासून आवडतं. खऱ्या नावाने हाक मारली तर तो सावकाश वळतो, जावई म्हटलं की लगेच.

आणि त्या रविवारी सकाळपासून कोणीही त्याला जावई म्हणालं नव्हतं. "वरणगाववाला" म्हणत होते. तेही त्याला उद्देशून नाही, एकमेकांशी बोलताना, तो हातभर अंतरावर बसलेला असताना.

कारण फायनल होती वरणगावच्या पोरांशीच. भुसावळकडच्या मैदानावर. आम्ही दोन गाड्या करून गेलो होतो, त्यात बाई मी एकटीच. आमचा नेहमीचा स्टॉपर काविळीने आडवा पडलेला, म्हणून एरवी मधल्या फळीत खेळणाऱ्या माझ्या नवऱ्याला पहिल्यांदाच मागे उभं केलं होतं. त्याच्यामागे गोलमध्ये माझा धाकटा भाऊ. आमच्या टीमचा गोली तोच. शेवटपर्यंत गोल नाही इकडे की तिकडे. मी पलीकडच्या बाजूला ढोलवाल्यांच्या गर्दीत उभी होते, घसा फाटेपर्यंत ओरडत होते. मॅच संपता संपता त्यांच्याकडून एक लांब उंच बॉल आला. नवरा आपल्याच गोलकडे तोंड करून पळत सुटला. भाऊ गोल सोडून पुढे धावत आला. बॉल सहज त्याच्या हातात पडला असता. तेवढ्यात नवऱ्याने उडी मारून डोकं लावलं, आणि बॉल पुढे आलेल्या भावाच्या डोक्यावरून टप्पा घेत आमच्याच जाळीत गेला. सेल्फ गोल. त्यावरच मॅच गेली.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. शिट्टी वाजल्यावर त्यांच्यातला एक दांडगा गडी धावत आला आणि त्याने माझ्या नवऱ्याला मिठी मारली. त्याच्या वर्गातला मित्र. नवरा मिठीत नुसता उभा होता, पण मिठी ती मिठी, आणि आमच्या लोकांनी ती पाहिली. परतीच्या वाटेवर पारोळ्याच्या अलीकडे गाडी ढाब्यावर थांबली. शेवभाजी मागवली आणि कोणी धड खाल्ली नाही. नवरा गाडीत सगळ्यात मागच्या सीटवर बसला होता. भाऊ पुढे, ड्रायव्हरशेजारी. धुळं येईपर्यंत भावाने एकदाही मान मागे वळवली नाही. मी दोघांच्या मधे बसून पदराचं टोक पिळत होते.

रात्र कशीतरी काढली. सकाळी मी वरण केलं तर त्यात दोनदा मीठ पडलं, चहात दोनदा साखर. कान बाहेरच होते. भांडं ठेवायला आत जायची आणि काहीतरी निमित्त काढून पुन्हा दारात यायची. पाणी कोणी मागितलं नव्हतं तरी तांब्या नेला. अंगात असं काही भरलं होतं की बसताही येईना आणि उभंही राहवेना.

मधोमध खुर्चीत आबा. आबा म्हणजे टीमचे कर्तेधर्ते, कोण खेळणार आणि कोण बसणार हे तेच ठरवतात. वडिलांच्या बरोबरीचे. ते म्हणत होते, "मी सांगं व्हतं, याले मांगे उभा करू नका. मन्हं कोनी ऐकं का?"

खरं तर मागे उभं करायचं हे आबांनीच ठरवलं होतं. मी तसं म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

रिक्षा चालवणारा आमचा शेजारी, टीमच्या प्रत्येक मॅचला हजर असणारा, तो जरा स्पष्टच बोलला. "त्याना गावनी टीम व्हती ना भो. समोर आपलाच पोऱ्या. पाय कसा चाली त्याना?"

कोणी हं म्हणालं, कोणी खाली बघितलं. पण नाही असं कोणी म्हणालं नाही. तिथून मग गाडी पुढे सरकली. मध्यंतरात तो त्यांच्या माणसांशी काय बोलत होता? पाणी त्यांच्याकडचं का प्यायला? पहिल्या हाफमध्ये त्याने दोन बॉल चांगले अडवले होते, तर एकजण म्हणाला ते लोकांना दाखवायला. आता याला काय उत्तर द्यायचं? चांगलं खेळला तरी लबाडीने आणि वाईट खेळला तरी लबाडीने. मला रडू येत नव्हतं, मला राग येत होता. आणि सगळ्यात जास्त राग भावाचा येत होता. तो कडुनिंबाला टेकून ठेवलेल्या खुर्चीत बसून बोटांच्या पट्ट्या सोडत होता. चकार शब्द बोलत नव्हता.

मग मोबाइल निघाला. रिक्षावाल्याने गोलच्या मागे उभं राहून शूटिंग केलं होतं. ते आदल्या संध्याकाळीच ग्रुपवर फिरलं होतं, पण कोणीतरी त्याच्यावर रडकं गाणं चढवून. आता पाच डोकी एका स्क्रीनवर वाकली. बॉल थांबवून, पुढे-मागे करून बघणं सुरू झालं.

"हासी राहिना, देख!" एकजण म्हणाला.

हसत नव्हता. उडी मारताना त्याचे दात दिसतात, माझ्या लग्नाच्या अल्बममध्येही हार घालताना दिसतात. मी पुढे होऊन फोन हिसकावला. "गाणं कशाला लावलंय मेल्यांनो? मूळचं दाखवा. तमाशा करायचा तर नीट करा."

रिक्षावाल्याने फोन परत घेऊन गॅलरीतून मूळचं शूटिंग काढलं. आवाज पूर्ण वाढवला. ढोल लांबून ऐकू येत होता, वारा फडफडत होता, आणि त्यातून माझ्या भावाचा आवाज अगदी स्वच्छ आला. "येस! येस! येस!"

आबांनी मांडीवर थाप मारून सगळ्यांना विचारलं, "बठ्ठ्यासनी ऐकं ना? गोली सांगस येस, येस. तरी यानी डोकं लावं. आते काय बोलशी?"

अहिराणीत 'मी येस' म्हणजे मी येतोय. शिंदखेड्याकडे आमचं मूळ घर, भाऊ घाबरला की त्याच्या तोंडून तीच भाषा निघते. तो सांगत होता की मी येतोय, बॉल सोड. गोलीने एवढं ओरडून सांगितलं आणि तरी याने डोकं लावलं. मूळचं शूटिंग मीच दाखवायला लावलं होतं, आणि माझ्याच हाताने मी नवऱ्याच्या गळ्यात फास अडकवला होता.

तेव्हा पायरीवरून पहिल्यांदा आवाज आला. "येस म्हणाला म्हणूनच तर दिला."

सगळे वळले.

"काय दिला?" आबा.

"बॉल. तो मागत होता ना. येस, येस."

भाऊ खुर्चीतून उठला. "मी कोठे मागी राहिंतू? मी येस! मी ऊनू ना तठे!" आलो होतो ना मी तिथे, असं त्याचं म्हणणं.

"अरे, येस म्हणजे इंग्रजीतलं यस!" नवरा पण उभा राहिला. "कॉलनीत ज्याला बॉल पाहिजे तो येस ओरडतो. पहिल्या दिवसापासून आम्हाला तेच शिकवलंय. येस म्हणजे हो, मी मोकळा आहे, मला दे. मला वाटलं तू गोलमध्येच उभा आहेस आणि मागतोयस. तोंड तुझ्याकडे असलं तरी मी बॉलकडे बघत होतो, वर. तू पुढे आलायस हे मला कसं दिसणार?"

रिक्षावाल्याने शूटिंग पुन्हा लावलं. येस, येस, येस. या वेळी सगळ्यांनी ते दुसऱ्या कानाने ऐकलं.

"पन जिजाजी," भाऊ म्हणाला, "इतला वरीस घरमा ऐकतस ना तुम्ही. आई नही म्हनस का, येस म्हनीसन?"

"घरात कळतं रे. आई दारातून म्हणतात, मी येस, तेव्हा मी काय त्यांना बॉल देतो का?"

आधी रिक्षावाला हसला. मग आबा. आबांना हसताना खोकला येतो, तसा आला, आणि त्या खोकल्यातच ते म्हणाले, "हाई बठ्ठं येसनी करं! एक येस, नि कप गया!" मग सगळा ओटा हसायला लागला. माझी आई आतून विचारत होती काय झालं, आणि तिला सांगायला गेलेला माणूस तिच्यासमोर हसत उभा राहिला. कोणीतरी म्हणालं, आता सरावाला आधी भाषेचा तास ठेवा. कोणी म्हणालं, वरणगाववाल्यांना कळलं तर ते पुढच्या वर्षी अहिराणीत ओरडतील. आणि आबांनी, त्याच आबांनी, बशी पुढे केली. "जावई, च्या ले."

एवढं झालं की सुटले असं मला वाटलं. मी आत जाऊन पुन्हा चहा टाकला, या खेपेला साखर नीट मोजून. बाहेर येते तर सगळ्यांनी बशा तोंडाला लावलेल्या आणि नवऱ्याची बशी पायरीवर तशीच.

"आबा," तो म्हणाला, "पुढच्या कपात वरणगाव समोर आलं तर मला खेळवू नका."

"कसाले आते? मिटनं ना बठ्ठं," आबा म्हणाले.

"हे मिटलं. येस सापडला म्हणून मिटलं." तो शांतपणे बोलत होता, अजिबात आवाज न चढवता, आणि त्यामुळे मला आणखी भीती वाटत होती. "पुढच्या वेळी मी नुसताच चुकेन. पाय घसरेल, अंदाज चुकेल. कोणाचाही चुकतो. तेव्हा दाखवायला शब्द सापडणार नाही माझ्याकडे. तेव्हा काय म्हणाल?"

आबांनी बशी खाली ठेवली. रिक्षावाला मोबाइल पुसायला लागला. मघाशी ज्यांनी पाण्याचा घोटही मोजला होता ते सगळे एकदम कडुनिंबाकडे बघायला लागले. मला वाटत होतं कोणीतरी बोलावं. मी बोलले असते, पण बायकोचं बोलणं या ओट्यावर मोजलंच नसतं, आणि त्याला बायकोचं उत्तर नकोच होतं.

शेवटी भाऊ बोलला. हातातली पट्टी गुंडाळत, खाली बघत.

"चुका ना जिजाजी, मंग. खुशाल चुका. मांगे मी शे ना."

गोली मागे असतोच, त्याचं कामच ते. भावाने ते मनापासून म्हटलं होतं, ते मला कळत होतं. आबांनीही मान हलवली. आता तरी नवरा बशी उचलेल असं वाटलं.

त्याने भावाकडे पाहिलं. रागाने नाही.

"काल कुठे होतास?"

मैदानातलं विचारतोय, असं आबांना वाटलं असावं. ते म्हणायला लागले, तो तर पुढे आला होता ना, आताच तर बघितलं सगळ्यांनी. भावाला मात्र बरोबर कळलं होतं. तो लाल झाला. भुसावळपासून धुळ्यापर्यंतचा सगळा रस्ता, आणि सकाळपासूनचा हा ओटा, यातला पाठीशी उभा राहिल्याचा कुठलाही क्षण त्याला दाखवता येत नव्हता. मीही त्याच्या वतीने खोटं बोलू शकत नव्हते.

भाऊ खुर्चीजवळून निघाला, चपला न घालता ओटा ओलांडून गेला आणि नवऱ्याच्या शेजारी पायरीवर बसला. पायरी अरुंद आहे, दोघे मावत नाहीत. नवरा त्याला जागा द्यायला सरकला नाही. पण उठूनही गेला नाही.